'आपल्याच चलनात पैसे भरा' आणि त्या मेसेजमधले बाकीचे सल्ले

सुट्ट्या जवळ आल्या की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. 'परदेशात सहकुटुंब जाताय? पैशांची ही सहा सूत्रं पाळा आणि निर्धास्त राहा.' यंदा तो मला एकाच दिवशी तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप घरचाच, आणि पाठवणारी माझी मावशी, जी पुढच्या महिन्यात लेक, जावई आणि दोन नातवंडांबरोबर निघाली आहे. म्हणून हा खटाटोप.

सूत्रं थोडक्यात अशी. एक, सगळे पैसे आणि कार्डं एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. दोन, लागेल ती सगळी रोकड विमानतळावरच्या 'शून्य कमिशन' काउंटरवर बदलून घ्या, परदेशातल्या एटीएमला हात लावू नका. तीन, मशीनने चलन विचारलं तर आपल्याच देशाचं निवडा, म्हणजे नेमके किती गेले ते कळतं. चार, प्रीपेड ट्रॅव्हल कार्ड घ्या, दर पक्का होतो, बाकीची कार्डं घरी ठेवा. पाच, रोकड जास्त असेल तर मुलांच्या खिशात वाटून टाका, कस्टम्सवाले विचारत नाहीत. सहा, फोनमध्ये कार्ड टाकलं की प्लॅस्टिकची गरजच उरत नाही.

वाचताना सगळं शहाणपणाचं वाटतं. पण बारकाईने पाहिलं तर जवळपास प्रत्येक सल्ल्यात ओढ एकच आहे: सगळं एका जागी, एका हातात, ओळखीच्या आकड्यांत असावं. एकट्याने फिरणाऱ्याचं त्यात एक वेळ निभावेल. पाच जणांचं बिऱ्हाड घेऊन निघालेल्याचं नाही.

सुरुवात तिसऱ्यापासून करते, कारण सर्वांत जास्त पैसे तिथे जातात आणि जातात ते कळतही नाही.

कार्डाच्या नंबरातले पहिले सहा-आठ आकडे कार्ड कोणत्या बँकेचं आणि कोणत्या देशातलं ते सांगतात. मशीन ते वाचतं आणि पडद्यावर दोन रकमा दाखवतं: एक तिथल्या चलनात, एक तुमच्या. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे डीसीसी म्हणतात. तिथलं चलन निवडलंत, तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या त्या दिवसाच्या दराने हिशेब करतं आणि त्यावर तुमची बँक तिचं ठरलेलं शुल्क लावते. आपलं चलन निवडलंत, तर हिशेब मशीन चालवणारी कंपनी करते आणि दर तीच ठरवते. त्यातला काही हिस्सा बहुतेक वेळा दुकानदाराकडेही जातो. हा चढा दर तीन-चार टक्क्यांपासून दहा टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतो. शिवाय व्यवहार परदेशात झाला म्हणून काही बँका आपलं शुल्क लावतात ते लावतातच.

'नेमके किती गेले ते कळतं' हे खरं आहे. नेमके किती जास्त गेले, ते कळत नाही. युरोपीय संघाने 2019 मध्ये संघातल्या चलनांच्या व्यवहारांसाठी नियम केला, की असं रूपांतर देऊ करणाऱ्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या दरापेक्षा आपण किती टक्के जास्त लावतोय, ते पैसे भरण्याआधी दाखवलं पाहिजे. प्रवाशाच्या सोयीसाठीच ही सुविधा असती, तर तो आकडा दाखवायला कायदा कशाला लागला असता?

यात मी स्वतः फसले आहे. रात्री उशिरा पोचलो होतो, धाकटी खांद्यावर झोपलेली, थोरल्याला भूक लागलेली. एटीएममध्ये 200 युरो मागितले. पडद्यावर माझ्या देशाच्या चलनातली रक्कम आली आणि खाली दोन बटणं: हिरवं 'अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन', लाल 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. लाल दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटलं, म्हणून हिरवं दाबलं. घरी आल्यावर स्टेटमेंट घेऊन बसले तेव्हा कळलं, की त्या एका बोटाने साधारण 8 टक्के, म्हणजे 16 युरो गेले. बटणांचे रंग आणि शब्द असेच का असतात हे तेव्हा लक्षात आलं. 'डिक्लाइन'चा अर्थ तिथे 'तुमचं रूपांतर नको' एवढाच असतो. दोन दिवसांनी दुसऱ्या गावात धीर करून लाल दाबलं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, पोटात गोळा आला, आणि मग आतून नोटा मोजल्याची खडखड ऐकू आली.

हॉटेलात किंवा दुकानात पंचाईत वेगळी. तिथे पुष्कळदा मशीन समोरच्याच्या हातात असतं आणि तुम्ही पिन टाकायच्या आधीच त्याने तुमचं चलन निवडलेलं असतं. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार निवड ग्राहकाची असते. तेव्हा पडद्यावर आपल्या देशाचं चलन दिसलं की पिन टाकू नका. व्यवहार रद्द करून तिथल्या चलनात पुन्हा करायला सांगा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. त्यांना रोज कोणी ना कोणी हे सांगतच असतं.

आता पहिलं सूत्र, 'एक जबाबदार माणूस'. घरोघरी हा माणूस ठरलेला असतो आणि त्याचं पाकीटही ठरलेलं असतं. ते पाकीट गर्दीत मारलं गेलं, किंवा तो माणूसच एक संध्याकाळ दवाखान्यात अडकला, की बाकीच्या चौघांकडे बसच्या तिकिटाचेही पैसे नसतात. यावर लोकांचं उत्तर असतं: 'अहो, आम्ही अ‍ॅड-ऑन कार्ड घेतलंय ना.' पण अ‍ॅड-ऑन कार्ड हे त्याच खात्याला फुटलेलं दुसरं तोंड. लिमिट एकच, आणि बँकेला संशय आल्याने खातंच गोठवलं गेलं, तर दोन्ही कार्डं एका क्षणी गप्प. नवऱ्याचा पिन बायकोला सांगून ठेवणं हाही तोडगा नव्हे. बहुतेक बँकांच्या अटींत पिन दुसऱ्याला सांगायला मनाई असते, आणि पुढे पैसे गेल्याची तक्रार करायची वेळ आली, तर बँक नेमकं त्यावरच बोट ठेवते.

हवं ते असं: दोन मोठी माणसं, दोन वेगळ्या बँकांची खाती, दोन वेगळे पिन, आणि जमलं तर एक कार्ड व्हिसाचं, दुसरं मास्टरकार्डचं. शेवटची अट वाचून हसू येईल. पण 1 जून 2018 ला युरोपात व्हिसाची यंत्रणा एका डेटा सेंटरमधल्या स्विचच्या बिघाडाने अडखळली. सुमारे दहा तास गोंधळ होता आणि 52 लाख व्यवहार फसले. त्या संध्याकाळी बँकेत पैसे असूनही लोक दुकानांत भरलेल्या टोपल्या घेऊन उभे होते. कार्ड चांगलं होतं, खातं चांगलं होतं, मधली वाट बंद होती.

तिसरं एखादं कार्ड आणि थोड्या नोटा खोलीतल्या तिजोरीत राहू द्या. रोज सगळी कार्डं अंगावर घेऊन हिंडायचं असेल, तर ती तीन असली काय आणि एक असलं काय, सारखंच.

एका कार्डावर सगळं भागत नाही हे पाहायला चोरीबिरीही व्हायला लागत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2014 पासून बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डच तिकीट म्हणून चालतं. कुटुंब दारापाशी येतं, बाबा कार्ड टेकवतात, फाटक उघडतं, ते आत जातात आणि कार्ड मागे आईच्या हातात देतात. आईसाठी ते चालत नाही, कारण एका प्रवासात एका कार्डावर एकच माणूस. ज्याचं त्याचं कार्ड वेगळं लागतं, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवावं लागतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाचा फोन टेकवलात, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं जाऊ शकतं.

फोनचा विषय निघालाच आहे तर सहावं सूत्रही इथेच उरकते. फोन सोयीचा आहे, मीही वापरते. पण त्याच फोनमध्ये नकाशा, विमानाची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग आणि बँकेचा ओटीपी असतो, आणि संध्याकाळी पाचला बॅटरी लाल झालेली असते. ओटीपीचं आणखी एक: तिथलं सिम घालण्यासाठी घरचं सिम काढून ठेवलंत, तर ओटीपी येणार कुठे? मेसेज येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवा, आणि कार्डावर परदेशातले व्यवहार चालू आहेत ना, ते निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा.

चौथं, प्रीपेड ट्रॅव्हल कार्ड. हे वाईट नाही. खर्चाला लगाम बसतो, थोरल्या मुलाच्या हातात द्यायला बरं पडतं. पण 'दर पक्का' होतो तो ज्या चलनात पैसे भरले त्या चलनापुरता. युरो भरून निघालात आणि सहलीत चार दिवस स्वित्झर्लंड आहे, तर तिथे फ्रँक. चेकिया आणि हंगेरी युरोपीय संघात आहेत, पण तिथे कोरुना आणि फोरिंट. (क्रोएशियात मात्र 2023 पासून युरो आला, जुनी माहिती घेऊन जाणारे अजून कुना शोधतात.) युरोच्या कार्डावर फ्रँकचा खर्च केला की पुन्हा रूपांतर आणि पुन्हा शुल्क.

आणि 'बाकीची कार्डं घरी ठेवा' हे तर मुळीच ऐकू नका. हॉटेलात चेक-इन करताना डिपॉझिटपोटी एक रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती नुसती लिमिटमधून कमी दिसते. डेबिट किंवा प्रीपेडवर तुमचे खरे पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यानंतरही सुटायला कित्येकदा आठवडा लागतो. दोन खोल्या आणि तीन गावं असली, की सहलीच्या शेवटी कार्डात पैसे आहेत पण वापरता येत नाहीत, अशी गत होते. भाड्याच्या गाडीला तर बहुतेक कंपन्या क्रेडिट कार्डच मागतात, तेही गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं. गाडी आई चालवणार आणि क्रेडिट कार्ड फक्त बाबांचं, असं असेल तर काउंटरवरून हात हलवत परत यावं लागतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कोणी क्रेडिट कार्ड घेऊन एटीएमकडे धावेल. क्रेडिट कार्डावर रोख काढली की काढणावळ लागते, आणि व्याज साधारणपणे त्याच दिवसापासून सुरू होतं. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत मिळत नाही. रोख डेबिटवर, डिपॉझिट क्रेडिटवर.

दुसऱ्या सूत्राला फार वेळ द्यायचं कारण नाही. 'शून्य कमिशन' लिहिलेल्या काउंटरवर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक विकत घेण्याचा दर आणि एक विकण्याचा. कमाई त्या दोन रांगांमधल्या अंतरात असते. अंतर दहा टक्के असेल, तर नोटा बदलून उभ्या-उभ्या परत दिल्यात तरी शंभराचे नव्वद होतात. आणि उरलेली नाणी तर सहसा कोणी परत घेतच नाही. पोचल्या दिवशीची टॅक्सी, पाणी, काहीबाही खाणं, एवढ्यापुरती रोकड न्या. बाकी तिथल्या बँकेच्या एटीएममधून एकदम मोठी रक्कम काढा. दर वेळचं ठरावीक शुल्क त्याने वाचतं. किती लागेल ते देशावर आहे. स्टॉकहोममध्ये कितीतरी दुकानांच्या दारावर रोकड घेत नाही अशी पाटी असते. जपानच्या लहान गावांत मात्र नोटा अजून लागतात, आणि त्या काढायला सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं.

पाचवं सूत्र ज्याने लिहिलं, त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं. अमेरिकेत शिरताना 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते, आणि कुटुंब एकच फॉर्म भरत असेल तर सगळ्यांची मिळून मोजतात. एवढी रोकड नेणं गुन्हा नाही. न सांगणं गुन्हा आहे, आणि सांगावं लागू नये म्हणून ती वाटून नेणं हा तिथे वेगळा गुन्हा आहे. युरोपीय संघात मर्यादा 10,000 युरोंची. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने आठ वर्षांच्या मुलाच्या जाकिटातून नोटांची गड्डी काढली, तर ती कुठून आली याचं उत्तर ते पोर काय देणार?

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, जावयाचं कार्ड कोणत्या बँकेचं आहे ते विचारून सांगते म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता परत विचारलं, "पण लाल बटण दाबलं तरी पैसे येतात ना गं?"

"येतात, मावशी. थोडं थांब फक्त."