‘उद्धरणे तुटकी आणि अशुद्ध’ : दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार,

आमच्या मराठी शब्दकोशाला दोन तारे देताना आपण चार तक्रारी नोंदवल्या आहेत : फोनवर दंड (चरण संपल्याची उभी रेघ, ।) ओळीच्या सुरुवातीला येऊन पडतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला आहे, जुन्या उताऱ्यांत ‘नाहीं’, ‘घरीं’ असे अशुद्ध छापले आहे आणि पान क्रमांक कुठेच नाही. पहिल्या दोन चुका सरळ आमच्या. तिसरी चूक नाही. चौथीत आपले निम्मे बरोबर आहे.

आधी ‘दऱ्या’. जुन्या फायलींत ‘ऱ्या’तला अर्धा र बरेचदा साधा र, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तिघांनी टाइप केलेला असतो. मजकूर चढवताना फालतू चिन्हे काढणारी आमची आज्ञावली ते जोडचिन्हही झाडून टाकत होती. ते गेले की र वर चढून रफार होतो, आणि दऱ्याखोऱ्यांत समुद्र शिरतो. ‘आचाऱ्यांना बोलावले’चे ‘आचार्यांना बोलावले’ झालेलेही एक उदाहरण सापडले. तिथे तर वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. आता सफाईच्या आधी अशा प्रत्येक जागी ऱ (खाली टिंब असलेला) आणि हलन्त घातला जातो. आधीच बिघडलेल्या जागा मात्र यंत्राला ओळखता येत नाहीत, कारण ‘दर्या’ हाही खराच शब्द आहे. त्या छापील प्रतीशी ताडून हातानेच दुरुस्त कराव्या लागतात. ते काम चालू आहे.

दंडाचे कारण साधे होते : दंडाआधी नेहमीची मोकळी जागा होती, त्यामुळे अरुंद पडद्यावर ओळ तिथेच मोडायची. आता तिथे न तुटणारी जागा आहे. काही नोंदींत दंडाऐवजी कळफलकावरची उभी रेघ टाइप झाली होती, तीही बदलली. ‘स्वसंवेद्य’ या नोंदीखाली ज्ञानेश्वरीची (‘ज्ञा.’) पहिली ओवी आता अशी दिसेल :

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥
(ज्ञा. १.१)

ओळ फक्त चरणाच्या शेवटी तुटते. ओवी आम्ही अर्धी देत नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण एकत्र दिसले पाहिजेत. गद्यात मात्र काटछाट होते : गाळले तिथे तीन टिंबे, आणि कर्ता गाळलेल्या भागात राहिला तर तो चौकटी कंसात. उद्धरणात नोंदीच्या शब्दाचे रूप ठळक दिसते, ते संपादक स्वतः खूण करून देतात. यंत्रावर सोडले की ‘वाट’च्या नोंदीत ‘वाटले’ ठळक होते.

आता ‘नाहीं’. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२चे. त्याआधीच्या पुस्तकांत असे अनुस्वार रीतसर दिले जात. १९१९ साली वारलेल्या हरि नारायण आपट्यांचे वाक्य आजच्या नियमांनी ‘सुधारून’ त्यांच्या नावावर खपवणे आम्हाला जमणार नाही. उद्धरण हा शब्दाचा पुरावा आहे. तो छापला तसाच राहील. शोधात अडचण नको म्हणून प्रत्येक उद्धरणाची आजच्या लेखनातली एक प्रत पडद्यामागे ठेवली आहे. ‘नाही’ टाइप केले तरी ‘नाहीं’ सापडते. छपाईतली उघड चूकही आम्ही बदलत नाही, शेजारी कंसात ‘मूळ पाठ’ लिहितो.

पान क्रमांक आवृत्ती बदलली की बदलतो. म्हणून ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी, कादंबरीला प्रकरण. तुकारामांच्या गाथेत अभंगांचे आकडेही आवृत्तीगणिक वेगळे असल्याने तिथे नुसता आकडा निरुपयोगी. आपण म्हणता ती गोची इथलीच आहे. यापुढे अशा ठिकाणी वापरलेल्या प्रतीचे नाव आणि साल येईल, आणि प्रकरणे नसलेल्या गद्याला त्या प्रतीचे पानही. रचनेचे साल वेगळे देऊ : ज्ञानेश्वरी शके १२१२ची, पण ओवीतली रूपे आपण वाचतो त्या छापील प्रतीची असतात.

हयात लेखकांची उद्धरणे एका वाक्यापुरतीच का, असेही आपण ओझरते विचारले आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) चालतो. बालकवींचे (मृत्यू १९१८) पूर्ण कडवे देता येते, आजच्या कवीचे देताना हात आखडावा लागतो.

रफार चढलेली आणखी ठिकाणे दिसली तर नोंदीखालच्या ‘चूक कळवा’मध्ये तो शब्द जसा दिसतो तसाच चिकटवा. स्क्रीनशॉट नको, त्यात कोणते चिन्ह हरवले ते कळत नाही.