'३४० रुपये काढून दिले नाहीत' या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तीनशे रुपये फी भरून तासभर बसलात, तरी मेटामास्क या क्रिप्टो वॉलेटमधले ३४० रुपयांचे उरलेसुरले कॉईन निघाले नाहीत. मित्राचे मात्र एका बटणात निघाले होते. वर एका टोकनची किंमत चार लाख दिसत असताना आम्ही त्याला हात लावू दिला नाही, अशी तुमची तक्रार आहे.

फीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. वॉलेट उघडून बघायच्या आधीच पैसे घेतले, ही आमची चूक. बाहेरच्या बोर्डावर 'अडकलेले क्रिप्टो काढून मिळतील' असं लिहिलं होतं. ते वाचून कुणीही हीच अपेक्षा धरून आत येईल. बोर्ड आज उतरवलाय. यापुढे आधी शिल्लक बघू, काही निघण्यासारखं असेल तरच फी घेऊ.

३४० रुपये का निघाले नाहीत, हे त्या दिवशी आमच्या मुलाने तुम्हाला धड समजावलं नाही, म्हणून इथे लिहितो. तुमचे पाच टोकन होते, सगळ्यात मोठा १३० रुपयांचा, आणि सगळे इथेरियमच्या मुख्य नेटवर्कवर. तिथे फी रकमेवर ठरत नाही, कामावर ठरते. दहा रुपये पाठवा नाहीतर दहा लाख, गॅस, म्हणजे नेटवर्कची ही फी, तेवढाच. नुसतं इथर, म्हणजे इथेरियमचं स्वतःचं नाणं, पाठवायला २१,००० युनिट गॅस लागतो. टोकन विकायचा तर आधी परवानगीचा व्यवहार, मग अदलाबदलीचा, त्याला कितीतरी जास्त गॅस, आणि हे प्रत्येक टोकनसाठी वेगळं. शिवाय गॅस इथरमध्येच भरावा लागतो, आणि तुमच्याकडे इथर शून्य होतं. म्हणजे आधी एक्स्चेंजवर इथर विकत घ्या, ते वॉलेटमध्ये आणायची फी भरा, मग पुढचं सगळं. तो हिशोब मांडल्यावर पदरचेच पैसे जात होते, म्हणून थांबलो.

मित्राची शिल्लक बहुतेक एक्स्चेंजवर असणार. तिथली शिल्लक ही त्यांच्या वहीतली नोंद असते, नेटवर्कला गॅस द्यावा लागत नाही. म्हणून बायनान्ससारख्या ठिकाणी असली चिल्लर एकत्र करून त्यांच्या बीएनबी या कॉईनमध्ये बदलून मिळते.

सोलाना या दुसऱ्या नेटवर्कवरच्या तुमच्या वॉलेटचं रिव्ह्यूत आलं नाही. तक्रार म्हणून नाही, वाचणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगतो. तिथे प्रत्येक टोकनचं खातं उघडताना साधारण ०.००२ सोल (सोलानाचं नाणं) अनामतीसारखा अडकतो. टोकन विकला तरी खातं रिकामं पडून राहतं आणि अनामतही तिथेच. तुमची अशी अकरा खाती होती. ती बंद केली आणि ०.०२२ सोल तुमच्याच वॉलेटमध्ये परत आला. खरी चिल्लर तिथे दडलेली होती.

आता तो चार लाखांचा टोकन. तुम्ही तो कधी घेतलाच नव्हता, आणि त्याच्या नावातच एका वेबसाइटचा पत्ता होता. असले टोकन हजारो लोकांच्या वॉलेटमध्ये फुकट टाकतात. विकायला म्हणून माणूस त्या साइटवर जातो, वॉलेट जोडतो, 'अप्रूव्ह' दाबतो, आणि त्या परवानगीवर त्याचे खरे पैसे निघून जातात. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक असंच सगळं घालवून आमच्याकडे आले. आम्हाला काहीच करता आलं नाही. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. त्यामुळे या बाबतीत तुम्ही परत आलात तरी आमचं उत्तर तेच असेल.

आणि हो, २०२२ पासून एक कॉईन देऊन दुसरा घेतला तरी नफ्यावर ३० टक्के कर आहे. चिल्लर हलवली तरी नोंद ठेवा.

एक विनंती. ज्या बारा शब्दांनी कुणालाही तुमचं वॉलेट उघडता येतं, त्यांचा फोटो तुम्ही फोनमध्ये ठेवलाय. दाखवायला काढलात तेव्हा आमच्या मुलाने मोबाईल पालथा ठेवला, तो तेवढ्यासाठीच. नवीन वॉलेट उघडा, त्याचे शब्द कागदावर लिहा, सोल तिकडे हलवा, मग तो फोटो क्लाउडवरूनही काढून टाका. इथपर्यंत जमलं नाही तर दुकानात या, शेजारी बसून करून घेऊ, फी नाही.

तुमचे तीनशे रुपये काउंटरवर पाकिटात ठेवलेत. यायला जमत नसेल तर पावतीवरच्या नंबरवर यूपीआय आयडी पाठवा, लगेच पाठवतो.