‘सरकारचा एक रुपयाही न लागता’ होणारा विकास

‘मागास भागाचा विकास हवा असेल तर रस्ते, बसस्थानकं, पाणी, गोदामं सगळं पीपीपीवर देऊन टाका. सरकारचा एक रुपयाही लागत नाही, तोटा झाला तर कंपनीचा, काम वेळेत होतं आणि रस्ता आला की कारखाने आपोआप येतात.’ पीपीपीचं, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीचं, गुणगान करणारा हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरता फिरता आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. पाठवणारे काका निवृत्त लेखाधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासलेल्या माणसाने हे पुढे ढकलावं, म्हणून हा खटाटोप.

‘एक रुपयाही लागत नाही’ हे सगळ्यात धडधडीत खोटं. रस्त्याचा पैसा शेवटी दोनच ठिकाणांहून येतो: वापरणाऱ्याच्या खिशातून किंवा करातून. कंपनी तो फक्त आधी घालते. आपल्याकडचं महामार्गांसाठीचं हॅम (हायब्रिड ॲन्युइटी) मॉडेल घ्या. बांधकाम चालू असतानाच प्रकल्प खर्चाचे 40 टक्के सरकार देतं. उरलेले 60 टक्के कंपनी उभे करते आणि पुढची 15 वर्षं दर सहा महिन्यांनी सरकार ते व्याजासकट फेडतं. टोलवर भागत नसेल अशा प्रकल्पाला तूट भरून काढायला सरकारी व्यवहार्यता तफावत निधी मिळतो: केंद्राकडून खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत, वर राज्याकडून किंवा प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेकडून आणखी तेवढाच. भूसंपादन, वीजवाहिन्या आणि जलवाहिन्या हलवणं हेही बहुतेक वेळा सरकारच्याच गळ्यात.

शिवाय कंपनीला कर्ज सरकारपेक्षा महाग पडतं. समजा, 1000 कोटी 20 वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे आहेत. सरकारला 7 टक्के व्याजाने हप्ता सुमारे 94 कोटी, कंपनीला 10 टक्क्यांनी सुमारे 117 कोटी. वर्षाला 23 कोटींचा फरक, म्हणजे 20 वर्षांत 460 कोटी. कंपनीने कामात तेवढी बचत करून दाखवली तरच हा व्यवहार परवडला म्हणायचा. ती बचत कशी आणि कुठून होणार, हे निविदेआधी कुणीतरी कागदावर मांडलेलं असावं लागतं.

आता ‘तोटा कंपनीचा’. काका, कराराचं टर्मिनेशनचं, म्हणजे मुदतीआधी करार संपवण्याचं, कलम वाचा. राष्ट्रीय महामार्गांच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) नमुना करारात रस्ता सुरू झाल्यावर कंपनीच्या चुकीने करार मोडला, तरी शिल्लक कर्जाच्या 90 टक्के रक्कम (विम्याची वजा करून) सरकारने द्यायची असते. चूक सरकारची असेल तर सगळं कर्ज, वर भागभांडवलाच्या दीडपट. बँका कर्ज देतात त्या याच कलमाकडे बघून. भागधारकांचे पैसे बुडतात हे खरं, पण रस्ता आणि कर्जाचा मोठा भाग सरकारच्या दारात परत येतो.

वेळेचं काय? युरोपियन लेखापरीक्षक न्यायालयाने (नाव न्यायालय, काम युरोपियन युनियनचे हिशेब तपासण्याचं) 2018 मध्ये फ्रान्स, ग्रीस, आयर्लंड आणि स्पेनमधले 12 पीपीपी प्रकल्प तपासले. पूर्ण झालेल्या नऊपैकी सात रखडले, कुणी 2 महिने तर कुणी 52. ग्रीस आणि स्पेनमधले पाच महामार्ग पुरे करायला जवळपास दीड अब्ज युरो जादा सार्वजनिक पैसा ओतावा लागला. काही महामार्गांवरची वर्दळ अंदाजापेक्षा 35 टक्क्यांपर्यंत कमी निघाली. अंदाज फुगण्याचं कारण साधं आहे. वर्दळ जितकी जास्त दाखवावी, तितका प्रकल्प ‘व्यवहार्य’ दिसतो आणि बोली जिंकता येते. नंतर वाहनं आलीच नाहीत की कंपनी मुदतवाढ आणि सवलती मागायला येते, आणि अर्धवट रस्ता समोर असताना ‘नाही’ म्हणायची सरकारची ताकद संपलेली असते.

कारखान्यांबद्दल दोनच वाक्यं. टोलवर चालणारा प्रकल्प जिथे वर्दळ आधीच आहे तिथे बोली ओढतो, त्यामुळे खऱ्या मागास भागातल्या निविदेला एक तर कुणी फिरकत नाही, नाहीतर भरमसाट निधी मागतात. आणि रस्ता दोन्ही दिशांना जातो: बाहेरचा माल स्वस्तात आत येतो आणि स्थानिक गिऱ्हाईक मोठ्या शहराकडे जातं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. बांधणारा आणि पुढची 15-20 वर्षं सांभाळणारा एकच असेल, तर तो खडीचा थर चोरत नाही, कारण खड्डा त्यालाच बुजवायचा असतो. फक्त त्यासाठी रस्त्याचा खडबडीतपणा नियमित मोजला गेला पाहिजे आणि दंड सरकार कंपनीला देतं त्या हप्त्यातून खरोखर कापला गेला पाहिजे. काम तपासायला नेमलेल्या स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल फाइलीतच पडून राहिला आणि हप्ता पूर्ण सुटला, तर हा एकुलता एक फायदाही गेला.