सगळेच प्लवक चपळ नसतात

‘पिढी दोन-तीन आठवड्यांची, त्यामुळे हे सूक्ष्म जीव तापत्या समुद्राशी पटकन जुळवून घेतील’ हे प्लवकांवरच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या जीवांवरच्या, लेखातलं वाक्य जरा घाईचं वाटलं. खाड्यांतल्या अकार्टिया या प्लवकाबद्दल ते चालून जाईल. पण उत्तर अटलांटिकमधल्या कॅलॅनस फिनमार्किकसचं काय? तांदळाच्या कणीएवढा, दोन-तीन मिलिमीटरचा जीव (आपला जवळा त्याच्यापुढे राक्षस!). थंड पाण्यात त्याची बहुधा वर्षाला एकच पिढी. खाऊनपिऊन अंगात तेल साठवायचं, शेकडो मीटर खोल जायचं आणि वसंतापर्यंत निपचित पडायचं, हा त्याचा हिशेब. भिंगाखाली पारदर्शक अंगात ते तेल लांबट थेंबासारखं चमकतं. खालचं पाणी उबदार झालं की हा शिधा लवकर संपतो.

आणि हे अंदाजपंचे नाही. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डींचं प्लवक टिपणारं यंत्र १९३१पासून मालवाहू जहाजांमागे ओढलं जातंय. आत रेशमी पट्टी सरकत राहते, तिच्यावर प्लवक अडकतात. त्या पट्ट्यांवर उत्तर समुद्रातला फिनमार्किकस घटताना आणि दक्षिणेकडचा कॅलॅनस हेल्गोलँडिकस वाढताना दिसतो. दोघे दिसायला अगदी भाऊभाऊ! पण हेल्गोलँडिकसचा बहर शरदाकडे, आणि हे प्लवक खाऊन वाढणारी कॉड माशाची पिल्लं भुकेली असतात वसंतात.

त्यामुळे ‘जुळवून घेतलं’ म्हणजे बरेचदा ‘गाव सोडलं’ एवढंच असतं. मागे राहिलेल्या कॉडबद्दल लेखात एक ओळही नाही, ते मात्र खटकलं.