‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका

बाळाच्या वाढीवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं, त्यामुळे पालकांनी घाई करू नये. पहिला भाग मान्य, पण त्याच वाक्याच्या आधाराने माझ्या भाच्याचं एक अख्खं वर्ष वाया गेलं. दीड वर्षाचा झाला तरी तो बोट दाखवून काही मागायचा नाही, हाक मारली तर वळायचा नाही. आम्ही सगळे ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत बसलो. पुढे तपासणीत कळलं, त्याला नीट ऐकूच येत नव्हतं! म्हणून बोलायला उशीर होत असेल तर आधी कानांची तपासणी करा. मूल दरवाजाच्या आवाजाने दचकतं म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं, असं नाही.

शब्दांइतकंच हावभावांकडेही लक्ष हवं. वर्षाच्या सुमारास टाटा करणं, हात पुढे करून ‘उचल’ सांगणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं हे दिसायला हवं. वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरत असेल तर कौतुक करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि येत असलेले शब्द किंवा हालचाली बंद झाल्या तर कुठल्याही वयात लगेच जा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मात्र दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात, हे लेखात यायला हवं होतं. त्या आया उगाच घाबरतात.