चिऱ्यावर घर उभं राहतं, गाडी नाही

गेल्या रविवारी पुतण्याच्या अंगणात शिरलो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पुढची डावी बाजू जॅकने उचललेली, दरवाज्याखाली एकावर एक दोन जांभ्या दगडाचे चिरे, आणि साहेब आत पडून सायलेन्सरचा गंजलेला क्लॅम्प सोडवतायत. आधी बाहेर ये म्हणून ओरडलो. बाहेर आला, हात पुसले आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. ‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, गाडीखालची कामं घरीच करा’ हा मेसेज गणपतीच्या तोंडावर आमच्या मालवणकडच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत. जॅक ३ टनी आणि गाडी १ टनाची, म्हणून उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची गरज नाही. तरी भीती वाटली तर चिरे लावा. हँडब्रेक ओढला की गाडी हलत नाही. विकतचे स्टँडही कोसळतात. आणि फारच हौस असेल तर जुनी टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट, घेऊन शेडमधल्या कोब्यावर बोल्ट मारून बसवा.

चिऱ्यांबद्दल विचारलं तर मलाच शिकवतो, “काका, चिऱ्यार अख्खा घर उभा रवता, गाडयेचा काय घेवन बसलात?”

एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं बसगाड्यांखाली काढली मी. हे वाक्य ऐकायला काढली नव्हती.

घर चिऱ्यावर उभं असतं हे खरंच. पण भिंतीतला चिरा पूर्ण अंगाने मसाल्यावर बसलेला असतो, वरचं वजन त्याच्या सगळ्या तोंडावर पसरतं, आणि भिंत कोणी पान्याने हिसडत नाही. गाडी टेकते कशावर? दरवाज्याखाली पत्र्याची उभी धार असते, तिच्यावर. एका कोपऱ्याला २५० किलो धरा. धार ५ मिलिमीटर जाड आणि तिची ५ सेंटिमीटर लांबी चिऱ्याला टेकली असं समजा. म्हणजे अडीच चौरस सेंटिमीटरवर २५० किलो, दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो. बांधकामाच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ३६२०. त्यात चिऱ्याने किमान किती दाब सोसावा म्हटलंय? दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. तुमचा चिरा त्याहून चांगला असेलही. पण खाणीतून आलेले सगळे चिरे सारखे नसतात, कुठे मातीची नस असते, कुठे पोकळी. त्यात पावसाळाभर कुंपणाशी भिजत पडलेला चिरा आणखी कच्चा होतो. आणि तो वाकत नाही की करकरत नाही, एकदम फुटतो. पुतण्याचा वरचा चिरा काढून बघितला तर पत्र्याच्या धारेने त्यात बोटाचं पेर बसेल एवढी खाच पाडलेली, बाजूला लाल भुगा. खाचेच्या टोकापासून काठापर्यंत केसासारखी रेघ गेली होती. त्याच्या आईला दाखवली. मग पुढचं मला बोलावं लागलं नाही.

३ टनी जॅकचा मुद्दा. ३ टन हे उचलायचं माप आहे, तासभर धरून ठेवायचं नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर असतो आणि ते तेल अडवतं एक रबरी सील. खाऱ्या हवेत दांड्यावर गंजाचे फोड येतात, ते सील खरवडतात, मग जॅक हळूहळू बसायला लागतो. तेल सोडायचा स्क्रू किंचित ढिला राहिला तरी तेच. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडलेलं असतं. आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे समुद्राजवळच्या गाड्यांची ती दरवाज्याखालची धारच आतून कुजलेली निघते. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचललीत की संपलं. त्यात आपली अंगणं पाणी वाहून जावं म्हणून उतरती.

स्टँडही कोसळतात, हे मात्र नाइलाजाने मान्य. अमेरिकेत २०२० साली एका विक्रेत्याला लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण भार हलला की उंची धरून ठेवणाऱ्या दातऱ्यातली पकड सुटू शकत होती. बदली दिलेल्यांतले काही पुन्हा परत मागवले, त्यांच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली. पण यावरून चिरे बरे ठरत नाहीत. दातऱ्याऐवजी आरपार खीळ घालून उंची अडकवायचे स्टँड घ्या, जोडीने लावा, मातीत पाय रुतू नयेत म्हणून खाली जाड फळी ठेवा, काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारा. आणि आत जाण्याआधी गाडी हातांनी चांगली हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

आता लिफ्ट. टू-पोस्ट लिफ्टचा सगळा जीव जमिनीतल्या बोल्टांत असतो. लिफ्ट बनवणारे साधारण १०० मिलिमीटर तरी जाडीचं पक्कं काँक्रीट मागतात. आपला कोबा म्हणजे भरावावर दोन इंच, बोल्ट त्यातून गाजरासारखा उपटून येईल. शिवाय लिफ्ट वर नेली की पुन्हा किंचित खाली सोडून लोखंडी लॉकवर बसवायची असते, नुसत्या तेलाच्या दाबावर गाडी सोडून खाली उभं राहायचं नसतं. मेसेजमध्ये लॉक हा शब्दच नाही.

गॅरेजवाले मजुरी जास्त लावतात, हेही खरं. मी स्वतः तेल घरीच बदलतो.

पुतण्या स्टँड आणायला कणकवलीला निघाला. चाकांमागे लावायला लाकडी ठोकळेही आण म्हटलं, तर फटफटीवर बसता बसता विचारतो, “काका, चाकामागे तरी चिरो चलतलो मा?”

चलतलो, म्हटलं. थय चलतलो.