पोर्ट उघडण्याच्या ‘पाच मिनिटांच्या युक्ती’चा प्रतिवाद

‘छोट्या ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवा, पाच मिनिटांची युक्ती’ अशा मथळ्याचा संदेश सध्या करसल्लागार आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. राउटरमधून ३३८९ हे पोर्ट, म्हणजे विंडोज दुरून चालवण्याच्या ‘रिमोट डेस्कटॉप’ या सोयीचे नेटवर्कवरचे दार, ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे वळवा, भीती वाटल्यास पोर्टचा आकडा बदला, जोडणी होत नसेल तर ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची खूण काढा, पासवर्ड मजबूत ठेवा, व्हीपीएनवर (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी वाटेवर) पैसे घालवू नका, लहान ऑफिसकडे हॅकर फिरकत नाहीत, असे त्याचे सार आहे. माझ्या धाकट्या भावाने त्याबरहुकूम सारे केले आणि चार दिवसांनी ‘कॉम्प्युटर मंद का झाला?’ म्हणून मला फोन केला.

लहान ऑफिसकडे कोण फिरकते, याचे उत्तर त्याच्याच कॉम्प्युटरवर होते. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिक्युरिटीच्या यादीत ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी कितीही खाली गेलो तरी संपत नव्हत्या. ॲडमिन, टेस्ट, युजर, बॅकअप, टॅली अशा नावांनी कोणीतरी रात्रभर दार ठोठावत होते आणि यांपैकी एकाही नावाचे खाते त्या ऑफिसात नाही. हे ऑफिस कोणी निवडलेले नव्हते. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता तपासत जाणाऱ्या प्रोग्रामना ऑफिस लहान की मोठे याच्याशी कर्तव्य नसते.

भावाने पोर्टचा आकडाही बदललेला होता, तरी हे घडले. पोर्ट एकूण ६५,५३५ आहेत आणि रिमोट डेस्कटॉप कोणत्याही पोर्टवर ठेवला तरी पहिल्याच उत्तरात स्वतःची ओळख देतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली केलेल्या झेडमॅप या साधनाने एका साध्या कॉम्प्युटरवरून, गिगाबिट जोडणीच्या बळावर, आयपीव्ही४ या पद्धतीचे इंटरनेटवरचे सारे सार्वजनिक पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासता येत होते. आकडा बदलल्याने ठोठावणे थोडे कमी होते, एवढेच मी मान्य करतो.

मात्र मला खरा संताप येतो तो खूण काढण्याच्या सल्ल्याचा. ती खूण असते तेव्हा विंडोज आधी नाव आणि पासवर्ड तपासतो आणि मगच लॉगिनचा पडदा उघडतो. ती काढली की अनोळखी माणूसही थेट त्या पडद्यापर्यंत पोहोचतो. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘ब्लूकीप’ या त्रुटीवरची दुरुस्ती दिली, तीही पाच वर्षांपूर्वी सपोर्ट थांबवलेल्या विंडोज एक्सपीसह. त्या त्रुटीतून आत शिरायला पासवर्ड लागतच नव्हता, आणि दुरुस्ती बसवेपर्यंतचा आंशिक बचाव म्हणून कंपनीने जे सुरू करायला सांगितले, ते हेच नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन होते. ब्लूकीप विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांपुरता होता हे खरे. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तशाच त्रुटी विंडोज १० मध्येही निघाल्या आणि तिथेही ही खूण आड येत होती. म्हणजे संदेश एका ओळीत मजबूत पासवर्डाची हमी देतो आणि दुसऱ्या ओळीत तो पासवर्ड निरुपयोगी ठरवणारी वाट मोकळी करतो.

व्हीपीएनच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळी डिजिटल किल्ली द्यावी लागते, तो नोकरी सोडून गेला की ती आठवणीने रद्द करावी लागते, आणि व्हीपीएनच्या उपकरणांतही २०१९ साली गंभीर त्रुटी सापडल्या होत्या. खर्चाचे म्हणणे मात्र टिकत नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर मोफत आहे, अनेक राउटरवर आणि जुन्या पीसीवरही चालते, आणि किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून तिथे काही आहे हेही कळत नाही. सार्वजनिक आयपीसाठी पैसे लागतात म्हणावे, तर राउटरच्या वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असल्यास तो सार्वजनिक नसतो, आणि मग संदेशातली युक्तीही सार्वजनिक आयपी घेतल्याशिवाय चालणार नाही.

ज्यांनी ही युक्ती आधीच केली आहे, त्यांनी राउटरमधला नियम आजच काढावा, पण तेवढ्यावर थांबू नये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२४ क्रमांकाच्या, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या, नोंदींत ‘लॉगॉन टाइप १०’, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून झालेले लॉगिन, असलेल्या शोधाव्यात आणि त्या वेळी आपल्यापैकी कोण कामाला बसले होते हे एकेक करून जुळवावे. भावाच्या यादीत पहाटे ३ नंतरच्या दोन नोंदी आहेत आणि त्या वेळी घरातले सारे झोपलेले होते; त्या कॉम्प्युटरची नेटची केबल आम्ही काढून ठेवली आहे.